आधी यादी, मग आराखडा: एका निवृत्त प्राध्यापिकेच्या संकेतस्थळाचे नियोजन

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला स्वतःचे संकेतस्थळ हवे होते. शहरातील रस्त्यांवरच्या आणि येऊरच्या जंगलातल्या झाडांविषयी त्यांनी वर्षानुवर्षे मराठीतून लिहिले आहे, आणि निवृत्तीनंतरही रविवारी सकाळी माजी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन झाडे दाखवण्याचा नेम त्यांनी मोडलेला नाही. हे सगळे लेखन मात्र विखुरलेले होते. वृत्तपत्रातल्या सदराची कात्रणे एका कपाटात, लेखांच्या फायली जुन्या संगणकात, टिपणे व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये, आणि काही नोंदी एका समाजमाध्यमावर होत्या. ते माध्यम पुढे बंद पडले आणि त्याबरोबर त्या नोंदीही गेल्या. जिओसिटीज २००९ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले तेव्हा असंख्य लोकांचे लेखन असेच अडचणीत आले होते. आपल्या नावाचे आणि आपल्या ताब्यातले एखादे ठिकाण असावे, ही प्राध्यापिकाबाईंची इच्छा त्यामुळे पुरेशी सकारण होती.

नियोजनाचे काम माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन कागद तयार होते. पहिला एका व्यावसायिकाने दिलेला खर्चाचा अंदाज होता. त्यात दहा पाने, मुखपृष्ठावर सरकणारी चित्रे, किती लोकांनी भेट दिली ते दाखवणारा आकडा आणि संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरची एका वर्षाची जागा असा हिशेब मांडला होता. दुसरा कागद त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्यावर पानांची नावे होती: परिचय, शैक्षणिक कारकीर्द, पुरस्कार, प्रकाशित लेखन, छायाचित्रे, अभिप्राय, संपर्क. हे संकेतस्थळ कोण उघडणार आणि कशासाठी उघडणार, याविषयी दोन्ही कागदांवर एक ओळही नव्हती. यात नवल नाही. व्यक्तिगत संकेतस्थळाच्या पहिल्या आराखड्यात माणूस बहुधा स्वतःचे परिचयपत्रच मांडतो, कारण समोर दुसरे काही नसते. आपल्याजवळ देण्यासारखे नेमके काय आहे आणि ते कोण मागते, याची यादी हाती आल्याशिवाय मांडणीविषयी, रंगांविषयी किंवा खर्चाविषयी बोलण्यात अर्थ नाही, असे मी त्यांना सांगितले आणि ते दोन्ही कागद तूर्त बाजूला ठेवायला लावले.

कोण विचारते याची नोंद

पहिले काम त्यांनी स्वतः करायचे होते आणि त्याला वहीखेरीज कशाचीही गरज नव्हती. झाडांसंबंधी जो कोणी फोन करेल किंवा संदेश पाठवेल, त्याचा प्रश्न शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा, एवढेच. काही आठवडे ही वही चालली. एप्रिल-मे हा काळ त्यासाठी सोयीचा ठरला, कारण त्या दिवसांत बहावा आणि ताम्हण फुललेले असतात आणि पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाईही सुरू झालेली असते.

वहीतल्या प्रश्नांचे स्वरूप पाहून त्या स्वतःच थोड्या चकित झाल्या. सर्वांत जास्त विचारणा गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांची होती. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न त्यांनी असा लिहून ठेवला आहे: ‘मॅडम, आमच्या आवारातलं मोठं झाड पार्किंगवर झुकलंय. फांद्या आम्ही आमच्या माणसाकडून छाटल्या तर चालतील का, आणि हे झाड आहे तरी कोणतं?’ त्याखालोखाल फुलाचे छायाचित्र पाठवून नाव विचारणारे लोक होते. काही पदवीचे विद्यार्थी होते, त्यांना प्रकल्पासाठी वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळाची माहिती हवी होती. एका शाळेच्या शिक्षिकेला आवारात लावण्यासाठी देशी झाडे सुचवून हवी होती. पुरस्कारांची किंवा कारकिर्दीची चौकशी कोणी केलेली नव्हती. व्याख्यानाचे निमंत्रण देणाऱ्या एका संस्थेने मात्र परिचयाच्या चार ओळी आणि एक छायाचित्र मागितले होते.

या वहीमुळे ‘परिचय’ या पानाचे काम नेमके ठरले. निमंत्रण देणाऱ्याला उतरवून घेता येतील अशा चार ओळी, त्याचीच दहा ओळींची थोडी मोठी आवृत्ती आणि छापण्याजोगे एक छायाचित्र एवढे त्या पानावर पुरते. पुरस्कार या दहा ओळींतच बसतात. बाईंना हे लगेच रुचले नाही, आणि मीही त्यावर ताणून धरले नाही. तो मुद्दा पुढे आपोआप मिटला.

सामग्रीची यादी

यानंतरची यादी सगळ्यांत वेळखाऊ होती आणि या प्रकरणाचा गाभाही तीच आहे. प्रत्येक लेखासाठी, टिपणासाठी आणि छायाचित्रांच्या संचासाठी एक ओळ, असा साधा तक्ता केला. त्यात शीर्षक, झाड किंवा विषय, लिहिल्याचे वर्ष, सध्या ते कोणत्या स्वरूपात आहे, हक्क कोणाचा, वहीतल्या कोणत्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळते, आणि मजकूर आजही बरोबर आहे का, असे रकाने होते.

शेवटचा रकाना लोक सहसा करत नाहीत. इथे तोच सर्वांत महागाचा ठरला. झाडे तोडण्याच्या परवानगीविषयीचा त्यांचा एक लेख चांगला लिहिलेला होता आणि सोसायटीवाल्यांना त्याचीच सर्वाधिक गरज होती. शहरांतील झाडांना लागू असलेला महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे. महापालिकेच्या पातळीवरचे वृक्ष प्राधिकरण त्यानुसारच नेमले जाते. परंतु २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ असा वेगळा दर्जा मिळाला, आणि लेख त्याआधीचा होता. तो जसाच्या तसा चढवला असता, तर जुन्या पर्जन्यवृक्षाच्या फांदीविषयी विचारणाऱ्या सचिवांना त्यातून अपुरा सल्ला मिळाला असता, आणि तोही एका जाणकाराच्या नावाने. म्हणून आराखड्यात असे नमूद केले की कायद्याशी संबंधित प्रत्येक पानाच्या माथ्यावर शेवटच्या तपासणीची तारीख असेल, परवानगी देण्याचा अधिकार महापालिकेचा आहे हे पहिल्याच वाक्यात येईल, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते पान पुन्हा तपासले जाईल. त्या वर्षी तपासणी झाली नाही, तर पान काढून ठेवायचे. कालबाह्य सल्ला देणाऱ्या पानापेक्षा पान नसणे बरे, हे माझे मत त्यांनाही पटले.

शास्त्रीय नावांचेही थोडेफार असेच होते. पर्जन्यवृक्षाचे नाव काही पुस्तकांत सामानिया समान असे, तर काहींत अल्बिझिया समान असे दिलेले आढळते. वाचकाच्या हातात यांपैकी कोणतेही पुस्तक असू शकते, म्हणून प्रत्येक झाडाच्या पानावर इतर नावांसाठी स्वतंत्र जागा ठेवली. त्या जागेत शास्त्रीय पर्यायी नावांबरोबर लोकांच्या तोंडची नावेही यायची होती. बहाव्याला अमलताश म्हणून शोधणारे लोक ठाण्यात कमी नाहीत.

यादी पुरी झाली तेव्हा लेखांची संख्या दीडशेच्या घरात गेली, आणि पुनरावृत्तीही तितकीच दिसली. सदर दर आठवड्याला चालवायचे म्हटले की बहावा दर उन्हाळ्यात पुन्हा येतो. प्रत्येक वेळी दोन नव्या गोष्टी असतात आणि आठ जुन्या. हे सगळे लेख तसेच एकापाठोपाठ लावले असते, तर बहाव्याची माहिती शोधणाऱ्याला सहा पाने चाळावी लागली असती. त्यामुळे एका झाडाला एकच पान द्यायचे, आधीच्या लेखांतला टिकाऊ भाग त्यात एकवटायचा, आणि मूळ लेख वर्षासह वेगळ्या संग्रहात ठेवायचे, असे ठरले. संग्रह ठेवण्याचा आग्रह बाईंचा होता आणि तो योग्य होता, कारण त्या लेखांत त्या-त्या वेळच्या ठाण्याची नोंद आहे: कोणत्या रस्त्याच्या रुंदीकरणात कोणती झाडे गेली, कोणत्या तळ्याच्या काठी नवी लागली, याचा हिशेब दुसरीकडे सहज मिळत नाही.

जुन्या फायली आणि जुने टंक

संगणकातील बहुतेक लेख श्रीलिपीसारख्या, युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) टाइप केलेले होते. अशा टंकांत देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते, त्यामुळे तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसतो आणि शोधयंत्रालाही तो वाचता येत नाही. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. जुन्या टंकांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होत, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा त्यामुळे बदलाव्या लागतात, आणि साधन नेमके तेथेच चुकते. नमुन्यादाखल एक लेख रूपांतरित करून पाहिला, तर ‘पर्जन्यवृक्ष’ या शब्दाचा प्रत्येक ठिकाणी ‘पजर्न्यवृक्ष’ झालेला होता आणि ‘चिंच’ची वेलांटी ‘च’ला सोडून आधीच्या मोकळ्या जागेला चिकटली होती.

‘बहरणाऱ्या’, ‘वाऱ्याने’ अशा शब्दांतील अर्ध्या र विषयी आणखी एक बारकावा निघाला. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र च्या हलंतानंतर न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगवेगळे शब्द वाटतात, आणि एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडत नाही. सर्व मजकुरात पहिली पद्धत वापरायची, असा नियम आराखड्यात लिहून ठेवला. हा खटाटोप संकेतस्थळ उभे राहिल्यानंतर करायचा म्हटले असते, तर प्रत्येक पान पुन्हा उघडावे लागले असते.

रूपांतरित मजकुराचे वाचन कोणी करायचे, हा प्रश्न पैशांचा नव्हता, वेळेचा होता. एका लेखाच्या रूपांतराला आणि तपासणीला लागलेला वेळ बाईंनी घड्याळ लावून पाहिला, त्याला दीडशेने गुणले, आणि सगळे लेख एकदम चढवण्याचा विचार त्यांनी स्वतःच सोडून दिला. पहिल्या टप्प्यात चाळीस झाडे घ्यायची. ती कोणती, हे वहीतल्या प्रश्नांवरून ठरवायचे. आणि संग्रह दरमहा थोडा-थोडा वाढवायचा. पुरस्कारांच्या पानाचा आग्रह मागे पडला तोही याच दिवशी, कारण त्या पानासाठी लागणारी प्रमाणपत्रे शोधून त्यांच्या प्रती काढण्यापेक्षा ताम्हणाचे पान तपासून घेणे त्यांना अधिक निकडीचे वाटले.

हक्क

सदराचे लेख पुन्हा प्रसिद्ध करता येतील का, याची चौकशी आधीच केली. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार वृत्तपत्राच्या नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या दस्तऐवजात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. बाईंनी मानधनाच्या पावतीखेरीज कशावरही सही केलेली नव्हती. तरीही पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचून घेतला आणि संपादकांना एक सौजन्याचे पत्र पाठवले. कात्रणांच्या प्रती मात्र लावायच्या नाहीत असे ठरले, कारण कात्रणात इतरांनी काढलेली छायाचित्रे आणि रेखाटनेही येतात. छायाचित्रांच्या यादीतही असाच फरक करावा लागला. विद्यार्थ्यांनी काढलेल्या छायाचित्रांसाठी त्यांची संमती आणि श्रेयाची ओळ घ्यायची, आणि व्हॉट्सॲपवर कोणाकडून तरी आलेली, मूळ ठाऊक नसलेली छायाचित्रे सरसकट वगळायची. वगळलेल्यांत कौशीच्या केशरी फुलांचे एक फार सुंदर छायाचित्र होते. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरला जाऊन तसे छायाचित्र आपणच काढायचे, असे बाईंनी यादीत त्यासमोर लिहून ठेवले.

कुळ की फुलांचा रंग

मांडणीवर खरा वाद झाला तो येथे. झाडे कुळांनुसार लावावीत, असे बाईंचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने गुलमोहर, सोनमोहर, बहावा आणि पर्जन्यवृक्ष एकत्र असणे हेच शिक्षण आहे, कारण चौघांच्या शेंगा त्यांचे नाते सांगतात. तसेच ताम्हण मेंदीच्या कुळातला आहे हे कळल्यावर माणूस दोन्ही झाडांकडे नव्या नजरेने पाहतो. हे सर्व खरे आहे. परंतु ज्याला झाडाचे नावच माहीत नाही, त्याला कूळ माहीत असण्याची शक्यता नाही, आणि वहीतले बहुसंख्य प्रश्न अशाच माणसांचे होते.

हा वाद बोलून मिटण्यासारखा नव्हता, म्हणून कागदावर करून पाहिला. मोबाइलच्या पडद्याएवढ्या कार्डांवर मुखपृष्ठाच्या दोन आवृत्त्या पेन्सिलीने काढल्या: एक कुळांची, एक फुलांचा रंग, बहराचा महिना आणि पानाचा प्रकार यांची. घोडबंदर रस्त्यावरच्या त्याच सचिवांना आणि तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंना त्या दाखवल्या आणि विचारले: ‘पिवळ्या फुलांचे घोस लोंबणारे झाड दिसले, त्याचे नाव हवे आहे, तुम्ही कुठे बोट ठेवाल?’ कुळांच्या कार्डावर दोघेही अडले. रंगांच्या कार्डावर शेजारीणबाई ताबडतोब पिवळ्यावर गेल्या. सचिवांनी मात्र दोन्ही कार्डांवर थेट ‘संपर्क’वर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘एवढं कोण शोधत बसेल, मॅडमना फोन केला की झालं.’

त्यांच्या या उत्तराने आराखड्यात सर्वांत मोठा बदल घडवला. मुखपृष्ठावर ‘हे झाड कोणते?’ आणि ‘सोसायटीतील झाडे’ अशा दोन ठळक वाटा आल्या, आणि संपर्काचे पान उघडले की वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची पाने आधी समोर येतील, ईमेलचा पत्ता त्यांच्याखाली दिसेल, अशी योजना केली. कुळे गेली नाहीत. प्रत्येक झाडाच्या पानाच्या शेवटी ‘याच कुळातील इतर झाडे’ म्हणून ती आली. बहावा ओळखायला आलेला वाचक तेथून गुलमोहराकडे जाऊ शकतो, आणि शिकवण्याचा जो हेतू बाईंच्या मनात होता तो नाव कळल्यानंतर, योग्य वेळी साधतो.

‘या महिन्यात काय फुलले आहे’ असे एक सदर चालवावे, ही कल्पना त्यांचीच. दरमहा नवे लिहिण्याचे बंधन घातलेली संकेतस्थळे फार लवकर ओस पडतात, म्हणून मी आधी साशंक होतो. पण ऋतू दरवर्षी तेच असतात. बारा महिन्यांची बारा पाने एकदाच लिहायची आणि मुखपृष्ठाने चालू महिन्याचे पान आपणहून दाखवायचे, अशी तोड निघाली: फाल्गुनाच्या सुमारास पांगारा, पळस आणि काटेसावर, वैशाखात बहावा आणि ताम्हण, पावसात कदंब, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री वास सुटतो ती सप्तपर्णी. कारवी मात्र या चाकोरीत बसत नाही, ती साधारण आठ वर्षांनी एकदा बहरते; तिचे पान वेगळे ठेवले.

पत्ता, यंत्रणा आणि छायाचित्रे

संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी झाडांशी संबंधित एखादे आकर्षक नाव घ्यावे, असे ऐरोलीला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याचे मत होते. मी बाईंच्या स्वतःच्या नावाची बाजू घेतली, कारण उद्या त्यांनी झाडांखेरीज प्रवासावर किंवा अध्यापनावर लिहिले तरी नाव बदलावे लागणार नाही. शेवटी डॉट इन पत्ता त्यांच्या नावाने घेतला. देवनागरीतील डॉट भारत हा पर्याय २०१४ पासून उपलब्ध आहे आणि भावनेला तो जवळचाही वाटतो, परंतु फोनवर पत्ता सांगताना आणि टाइप करताना बहुतेक लोक रोमन अक्षरेच वापरतात. पानांचे पत्तेही रोमनमध्ये ठेवले. देवनागरीतील पत्ता कॉपी करून पाठवला की प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात. ‘बहावा’ या एवढ्याशा शब्दाची पंचेचाळीस होतात, आणि असा दुवा व्हॉट्सॲपवर आला तर तो फसवणुकीचा असावा असे वाटून माणूस उघडत नाही.

पत्त्याची नोंदणी कोणाच्या नावावर, हा प्रश्न खर्चाच्या प्रश्नापेक्षा गंभीर मानावा. सुरुवातीच्या अंदाजपत्रकात ती व्यावसायिकाच्या खात्यातून होणार होती. आराखड्यात ती बाईंच्या नावाने, त्यांच्या खात्यातून आणि त्यांच्या रोजच्या वापरातल्या ईमेलवर केली. त्याच पत्त्यावर नवा ईमेल काढून तो नोंदणीसाठी वापरणे टाळायचे, कारण नूतनीकरण चुकले तर तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना मिळायचा मार्गच राहत नाही. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो, म्हणून तुलना करताना दुसऱ्या वर्षापासूनचा दर पाहिला.

यंत्रणेविषयी भाच्याचे आणि माझे एकमत झाले नाही. तयार पानांचे स्थिर संकेतस्थळ करावे, असे त्याचे म्हणणे होते: ते वेगाने उघडते, त्यात बिघडण्यासारखे थोडे असते आणि ठेवायला खर्च जवळपास नसतो. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. मी वर्डप्रेस, म्हणजे ज्यात लेखक स्वतःच पाने लिहू आणि बदलू शकतो अशी यंत्रणा, सुचवले, कारण स्थिर संकेतस्थळात एक वाक्य दुरुस्त करायलाही भाचा लागला असता. त्यावर तो म्हणाला, ‘मावशी, मी आहे की, तू फक्त फोन कर.’ बाईंनी त्याला विचारले, ‘अरे, आणि तुला कंपनीने परदेशी पाठवलं तर?’ पुढे फारसा वाद झाला नाही. वर्डप्रेस घेताना अटी मात्र भाच्याने घातल्या आणि त्या रास्त होत्या: अत्यावश्यक तेवढीच जोडसाधने (प्लगइन), अद्ययावतीकरणाचे काम त्याच्याकडे, आणि दरमहा संपूर्ण प्रत बाईंच्या हार्ड डिस्कवर.

टंकासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा टंक निवडला. पानाची भाषा मराठी म्हणून नमूद करायची, अशी सूचना आराखड्यात घातली. तशी सोय असलेल्या टंकांत ल आणि श यांची मराठी वळणे त्यामुळेच उमटतात. मात्रा आणि उकार वर-खाली जात असल्याने ओळींमधले अंतरही जास्त ठेवले.

फोनवर काढलेली छायाचित्रे तीन-चार मेगाबाइटची असतात. धावत्या लोकलमध्ये असे पान उघडत नाही, म्हणून लांब बाजू सोळाशे पिक्सेल आणि आकार तीनशे किलोबाइटच्या आत अशी मर्यादा घातली. फायलींना झाडाचे नाव, भाग आणि महिना या क्रमाने नावे द्यायची. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फोनवरच्या छायाचित्रात ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. खाजगी आवारातील झाडे आणि येऊरमधील दुर्मीळ वनस्पती यांच्या छायाचित्रांतून ही माहिती काढूनच ती चढवायची, असा नियम केला. आमरीचे (ऑर्किडचे) नेमके ठिकाण जाहीर झाले की ती तेथे फार दिवस राहत नाही, हे बाईंनी अनुभवावरून सांगितले. घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावर असणार नाहीत. फॉर्मही ठेवला नाही. त्यातून गोळा होणारी लोकांची माहिती कोठे साठवायची आणि किती काळ, हा प्रश्न विनाकारण ओढवून घेण्यापेक्षा एक ईमेल पुरतो.

जे पुढे ढकलले

आराखड्याच्या शेवटच्या पानावर तूर्त करायच्या नाहीत अशा गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे कारण दिले. इंग्रजी आवृत्ती नाही, कारण वहीत इंग्रजीतून आलेला प्रश्न नव्हता. शहराचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक झाडाची खूण नाही, कारण ठाण्यात झाडे पडतात आणि काढली जातात, आणि अशा नकाशाची देखभाल एका माणसाच्या आवाक्यातली नाही. अभिप्रायांची सोय नाही, कारण त्या रोज तपासणार नाहीत. सरकती चित्रे आणि भेटींचा आकडा यांच्यापुढे बाईंनी नुसतीच रेघ मारली. वनस्पतींचे वाळवलेले नमुने चिकटवलेल्या जुन्या कागदांच्या प्रती काढण्याचा विषय खुला ठेवला आहे. ते कागद महाविद्यालयाचे की त्यांचे, हे आधी ठरायला हवे आणि त्यासाठी त्यांनी महाविद्यालयाला लिहिले आहे.

नोंदणी, जागा आणि ईमेल यांचे सांकेतिक शब्द एका बंद पाकिटात भाच्याकडे राहतील, आणि नूतनीकरणाची तारीख बाईंच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली असेल. पहिला टप्पा मार्चअखेर चाळीस झाडांसह खुला करायचा, म्हणजे बहाव्याविषयीची विचारणा सुरू होण्याआधी त्याचे पान तयार असेल. बांधणीचे काम कोणाला द्यायचे यासाठी आता हाच आराखडा तिघा व्यावसायिकांकडे पाठवला आहे. तिघेही नेमक्या त्याच कामाचा दर देणार असल्यामुळे पहिल्यांदाच त्या दरांची तुलना करता येणार आहे.